मोक्षरथाचा नंबर

पूर्णा जंक्शनच्या चौकशी खिडकीमागे एकतीस वर्षं काढल्यामुळे व्यंकटराव जिंतूरकरांचं मनुष्यप्राण्याबद्दल एक पक्कं मत झालं होतं. माणसाला तीनच गोष्टी हव्या असतात: गाडी कधी आहे, कुठल्या फलाटावर आहे आणि किती लेट आहे. चौथी गोष्ट विचारणारा माणूस एक तर पत्रकार असायचा, नाही तर प्यालेला. व्यंकटराव तिन्ही उत्तरं एका दमात द्यायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "हं, पुढचे." खिडकीला झालर नव्हती, तिच्यावर कुणाचा फोटो नव्हता. तरी एकतीस वर्षांत तिच्यापुढची रांग काही हटली नाही.

निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, नाही तर मुलांच्या संसारात लक्ष घालतात. व्यंकटरावांनी मोबाइलवर वेबसाइट बनवण्याचा तीन महिन्यांचा कोर्स केला, प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवून घेतलं आणि ते निरोप समारंभात मिळालेल्या घड्याळाखाली टांगलं. पहिली वेबसाइट त्यांनी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीला करून दिली. तिच्यावर एकच वाक्य होतं: 'लाइट आहे, गिरणी चालू आहे.' लाइट गेली की गिरणीवाला बटण दाबून तिथं 'लाइट गेली आहे' असं करायचा. दिवसातून दहा-बारा वेळा. पण दळणाचा डबा डोक्यावर घेऊन कुणाची फेरी वाया जाईना. या कामगिरीबद्दल व्यंकटरावांचा कुठंही सत्कार झाला नाही. ते त्यांनी अजिबात मनाला लावून घेतलं नव्हतं. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत, इतकंच.

अशा माणसापुढं मालनबाई सहज बोलून गेली. मालनबाई ताडकळसची. आठवडी बाजारात बांगड्या विकायची. माल घ्यायला पूर्णेला आली की व्यंकटरावांच्या ओसरीवर टेकायची, कावेरीबाईंच्या हातचा चहा घ्यायची आणि मालातल्या फुटक्या बांगड्या वेगळ्या काढत बसायची. तिचा नवरा वैशाखात वारला होता.

"पोरगी निजामाबादहून निघाली व्हती," ती म्हणाली. "ऊन तं असं. पूर्नेच्या मंडळाकं थंड पेटी हाय, हे समद्या गावाला ठाव. नंबर कुनालाच ठाव न्हाई. दोघं मोटरसायकलवर पाठवले, तं पेटीवाला गाडी घेऊन भलतीकडंच गेलता. सांजंला लोक म्हनले, आता ठिवता येत न्हाई माय." तिनं एक फुटकी बांगडी बाजूला टाकली. "पोरगी आली तवा राखच व्हती. नंबर घावला असता तं काय, मानूस थोडाच उठला असता. पर पोरीनं बापाचं तोंड पाह्यलं असतं."

व्यंकटरावांचा चहा तसाच राहिला. ही त्या घरात नोंद करून ठेवावी अशी घटना होती.

कारण मंडळ त्यांचंच होतं. मोक्षरथ सेवा मंडळ, पूर्णा. मंडळाकडं एक मोक्षरथ होता, म्हणजे अंत्ययात्रेची पांढरी गाडी. एक थंड पेटी होती, म्हणजे लांबचं माणूस येईपर्यंत देह ठेवता यावा म्हणून. आणि मुंजाजी नावाचा ड्रायव्हर होता, जो बोलवाल तेव्हा, बोलवाल तिथं फुकट यायचा. फक्त त्याला बोलवायचं कसं, एवढं एकच कळायला मार्ग नव्हता. मुंजाजीचा नंबर एकाच ठिकाणी लिहिलेला होता: रथाच्या पाठीवर. म्हणजे नंबर वाचायला आधी रथ यावा लागे. आणि रथ आलेला असताना लोक रडत असत, नंबर कोण उतरवून घेणार?

व्यंकटराव मंडळाच्या सोळा सभासदांपैकी सोळावे. त्यांनी दोन दिवसांत वेबसाइट उभी केली. पांढरं पान. वर मोठ्या अक्षरांत 'मोक्षरथ'. खाली, दुःखाच्या प्रसंगाला शोभेल अशा फिकट राखाडी रंगात, 'संपर्क साधा'. पुढच्या फेरीला मालनबाई आली तेव्हा त्यांनी तिच्याच मोबाइलवर ती उघडून दिली. मोबाइल लेकीनं पाठवलेला होता, व्हिडिओवर तोंड दिसतं म्हणून.

"समजा, रथ बोलवायचाय. बोलवा."

मालनबाईनं सगळ्यात मोठ्या अक्षरावर, म्हणजे 'मोक्षरथ'वर, अंगठा दाबला. काही झालं नाही. तिनं आणखी जोरात दाबला. मग मोबाइल परत करत म्हणाली, "बंद हाय."

"अहो, खाली 'संपर्क साधा' लिहिलंय ना!"

"मला कशाला संपर्क साधायचाय? मला फोन लावायचाय."

स्वयंपाकघरातून कावेरीबाईंच्या हसण्याचा आवाज आला. एकतीस वर्षं ज्यानं आख्ख्या जंक्शनला वाटेला लावलं, त्याला एका बांगडीवालीनं चाळीस सेकंदांत यार्डात नेऊन उभं केलं होतं. व्यंकटरावांनी अर्ध्या तासात पान नव्यानं मांडलं. मालनबाईला 'हिरवं दाबलं की लेकीला लागतो' एवढं ठाऊक होतं, म्हणून वरचं अर्धं पान म्हणजे एक हिरवंगार बटण, त्यावर फोनचं चित्र आणि नंबर. त्याखाली एक ओळ: 'रथ मोकळा आहे', नाही तर 'रथ बाहेर आहे, इतक्या वाजता येईल.' त्याखाली, पेटीसाठी काय तयारी ठेवायची: एक बाज मावेल एवढी जागा आणि जवळ लाइटचा प्लग. संपलं. मोबाइलला रेंजची कांडी एकच दिसत असली तरी हे पान उघडायचं. खिडकीत बसल्यासारखं वाटून व्यंकटरावांना त्या दिवशी दुपारी झकास झोप लागली.

मंडळाची बैठक अध्यक्ष महारुद्ररावांच्या खत-बियाण्याच्या दुकानात भरली. महारुद्रराव मंडळाचे तहहयात अध्यक्ष. हा शब्द लेटरहेडवर वाचून परके लोक जरा दचकत, पण मंडळाला सवय होती. सचिव चंद्रभान गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. ठराव झाल्याशिवाय ते बैठकीत चहासुद्धा येऊ देत नसत. व्यंकटरावांनी मोबाइल मधोमध ठेवला. सगळे वाकून बघत राहिले.

"उघडायचीय का अजून?" महारुद्ररावांनी विचारलं.

"उघडलीय. हीच आहे."

"ही? आन् बाकीचं कुठाय?"

"बाकीचं नाहीच."

"व्यंकटराव, ही तं रेशन दुकानाची पाटी वाटायलीय. मानवतच्या मंगल कार्यालयाची पाह्यली का? उघडली की वरून फुलं पडतेत, सनई वाजते."

"तिथं लग्नं लागतात, महारुद्रराव."

"मग आपल्याकडं काय कमी हाय?"

तेवढ्यात चंद्रभान गुरुजींनी चष्मा पुसून विचारलं, "हा हिरवा रंग कोणत्या ठरावानं आला?"

त्यानंतर सूचनांचा पूर लोटला. एकाला रोजचं पंचांग हवं होतं. दुसऱ्याला कापसाचा भाव. बालाजी वायरमन म्हणाले की त्यावर रेल्वेचं टाइमटेबल टाकावं, आणि इथं मात्र व्यंकटराव क्षणभर डगमगले होते, हे नमूद करायला हवं. पण सर्वानुमते जे ठरलं ते असं की सोळाही सभासदांचे फोटो पाहिजेत. फोटो कुणाचा वर आणि कुणाचा खाली यावर पाऊण तास गेला. फोन नंबरवर दीड मिनिट गेलं, कारण तो मुंजाजीचा होता आणि मुंजाजी सभासद नव्हता.

"दुःखात असलेला माणूस आपले फोटो कशाला बघेल?" व्यंकटराव म्हणाले.

"त्याला बी कळू द्या की आपल्यासाठी कोन-कोन झिजायलंय," महारुद्रराव म्हणाले, आणि ठराव क्रमांक सात मंजूर झाला: वेबसाइट भव्य करणे.

भव्य करण्याचं काम गेलं केयूरकडं. केयूर परभणीचा, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा, हुशार मुलगा. आणि दुर्दैव असं की व्यंकटरावांच्या सख्ख्या बहिणीचा. त्यानं रीतसर फोन केला.

"मामा, नाराज होऊ नका. तुमचं पेज क्लीन आहे, पण त्यात वॉव नाही."

"रडणाऱ्या माणसाला वॉव कशाला लागतो रे?"

"पहिल्या तीन सेकंदांत इम्प्रेशन पडतं, मामा."

"पहिल्या तीन सेकंदांत माझा फोन लागतो."

केयूर हसला. लहानपणी मामाच्या खिडकीत बसून त्यानं पुष्कळ गोळ्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे तो अदबीनं हसला.

आठ दिवसांत वेबसाइट तयार झाली. उघडली की आधी ढग. ढग सावकाश बाजूला होत, सोन्याचं दार उघडे, घंटा वाजे आणि मोक्षरथाला पंख फुटून तो डावीकडून उजवीकडं उडत जाई. मग कमळांतून एकेक सभासद वर येई. प्रत्येकाच्या फोटोला सोनेरी चौकट, खाली मिणमिणती समई. सर्वांत पहिले अर्थातच तहहयात अध्यक्ष. महारुद्ररावांनी आपला सर्वांत चांगला फोटो दिला होता: व्यापारी संघाच्या सत्कारातला, फेटा बांधलेला, गळ्यात हातभर जाडीचा झेंडूचा हार. कमळातून निघून ते समईच्या उजेडात हळूहळू वर सरकत आणि ढगांत विरघळून जात. सगळा साचा केयूरनं एका हॉटेलसाठी आधी केलेला होता, त्यामुळे 'आमचे समाधानी ग्राहक' हे सदर पाच चांदण्यांसकट तसंच राहिलं होतं. कावेरीबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावरून शेवटपर्यंत वाचलं.

"अहो, हे 'पुन्हा अवश्य भेट द्या' कुणाला उद्देशून आहे?"

व्यंकटरावांनी हे केयूरला कळवलं. त्यानं ग्राहक काढले. 'पुन्हा अवश्य भेट द्या' मात्र चंद्रभान गुरुजींनी राहू दिलं. त्यांच्या मते तो शिष्टाचार होता.

उद्घाटन रविवारी झालं. लॅपटॉपला हार घालून त्याच्यापुढं नारळ फोडला, तेव्हा चार थेंब कीबोर्डवर उडाले; ते महारुद्ररावांनी स्वतःच्या उपरण्यानं टिपले आणि टाळ्या झाल्या. व्यंकटरावांकडं आभारप्रदर्शन होतं. ज्यानं मुळात ही कल्पना काढली, त्याला लोकांचे आभार मानायला लावणं यात काय बोचतं, ते बोचलं की कळतं. आभार मानायच्या आधी त्यांनी केयूरला हळूच विचारलं, "नंबर कुठे आहे?"

"आहे ना, मामा. ढग गेले, रथ गेला, सोळा फोटो झाले, की शंख येतो. शंख दाबला की यादी उघडते. त्यात 'आमच्याविषयी'. तिथं सगळ्यात खाली."

व्यंकटरावांनी मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजली. एकतीस वर्षांच्या सवयीनं खिशातल्या डायरीत नोंद केली: 'साडेचार मिनिटं लेट.' हे पूर्णेतलं. ताडकळसच्या एका कांडीवर ढगच हलले नसते.

घरी येऊन टोपी खुंटीला अडकवताना ते कावेरीबाईंना म्हणाले, "मी माझं पान पुसलेलं नाही. बाजूच्या लूप लाइनीवर उभं करून ठेवलंय. सिग्नल मिळाला की निघेल."

"आणि नाही मिळाला तर?"

"मिळतो. मेल गाडीच पुढं जाऊन अडकते."

मेल गाडी तिसऱ्या दिवशी अडकली.

महारुद्ररावांची मुलगी प्रियांका मानवतला दिलेली. तिच्या जावेनं दुपारी कुणीतरी पाठवलेली लिंक उघडली. ढग निघाले, सोन्याचं दार उघडलं, आणि महारुद्रराव फेटा बांधून, हार घालून, समईच्या उजेडात वर जाताना दिसले. खाली मंडळाचं नाव होतं. जावेनं पुढचं बघितलंच नाही. फोटो काढून तिनं तो घरच्यांना पाठवला, घरच्यांनी पाहुण्यांना, आणि अर्ध्या तासात निम्म्या जिल्ह्यानं हात जोडल्याची चित्रं टाकली. कुणी महारुद्ररावांना फोन केला नाही. वारलेल्या माणसाला फोन कोण करतं? पुढं व्यंकटरावांनी याचा पुष्कळ विचार केला आणि त्यांना त्यात काही चूक सापडली नाही.

दीडेक तासानं महारुद्रराव घरात ज्वारीची भाकरी कुस्करून वरण खात होते. दारात जीप थांबली, बायांचा गलका उठला. घास तोंडात तसाच ठेवून ते अंगणात धावले.

"काय झालं गं? कोन गेलं?"

प्रियांकानं बापाला बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की महारुद्ररावांची खात्री पटली, घरातलंच कुणीतरी गेलंय आणि आपल्यापासून लपवायलेत. तेही रडायला लागले. बापलेक गळ्यात पडून दोन मिनिटं रडली तेव्हा कुठं दोघांनी एकमेकांना विचारलं की कशासाठी.

व्यंकटराव, कावेरीबाई आणि माल घ्यायला आलेली मालनबाई पोहोचले तेव्हा अंगणात पन्नासेक माणसं होती. निम्मी महारुद्ररावांना हात लावून बघत होती. चंद्रभान गुरुजी कोपऱ्यात वही घेऊन उभे होते. त्यांचा शोकठराव लिहून झाला होता आणि सूचक-अनुमोदकांच्या सह्याही झाल्या होत्या, तो आता मागे कसा घ्यावा या विवंचनेत ते होते. महारुद्ररावांना स्वतःला मात्र एव्हाना मजा वाटायला लागली होती. कोण किती रडलं हे ते बारकाईनं विचारत होते. तेवढ्यात जावई योगीराज चाचरत पुढं आला.

"मामंजी, एक घोटाळा झालाय. परभणीहून गाडी यायलीय."

"कसली गाडी?"

"तीच. न्यायची." योगीराज खाली बघून म्हणाला. "इंतजाम माझ्याकडंच व्हता. आपल्या मंडळाची गाडी पाहिजे म्हणून वेबसाइट उघडली. पाऊण तास बघायलो, नुसते ढग. मधी तुमी वर जाता, पुन्ना ढग. नंबर काही घावला न्हाई. रस्त्यात एका भिंतीवर परभणीवाल्याचा दिसला, मोठ्या अक्षरात. तो लावला, आन् लागला."

महारुद्रराव खाटेवर बसले. मेल्याची बातमी त्यांनी हसत पचवली होती, पण हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"म्हंजे मी खरंच गेलो असतो तं," ते म्हणाले, "अध्यक्ष असून मला परभणीची गाडी?" आणि एकदम ओरडले, "मुंजाजी! कुठं व्हता तू?"

"हितंच व्हतो की, मालक." मुंजाजी गर्दीतून म्हणाला. "तीन दिस झाले, रथ पुसून चौकात उभा केलाय, फोन हातात धरून बसलोय. एक बी आला न्हाई. मला वाटलं तालुक्यात कुनी मरायलंच न्हाई."

"मरायलेत की," मालनबाई म्हणाली. ती जोत्यावर बसली होती. "आमच्या गल्लीतली म्हातारी परवाच गेली. विटाच्या टेम्पोत नेली."

केयूरचे ढग बहुतेक त्या क्षणीही कुणाच्या तरी मोबाइलवर तरंगत असतील, असं व्यंकटरावांच्या मनात आलं. त्यांनी परभणीला फोन लावला.

"केयूर, लूप लाइनीवरचं पान मेन लाइनीला घे."

केयूरलाही बातमी कळलेली होती. मघाशी त्यानंही हात जोडले होते. "मामा, आत्ता घेतो. फोटोंचं काय करू?"

व्यंकटरावांनी महारुद्ररावांकडं बघितलं. "फोटो तळाशी एका वेगळ्या पानावर. ज्याला बघायचे तो जाऊन बघेल."

"आन् माझा?" महारुद्ररावांनी विचारलं.

"पहिलाच. हार काढून."

महारुद्ररावांनी मान हलवली. गुरुजी खाकरले. "पण ठराव क्रमांक सात रद्द केल्याशिवाय..."

"गुरुजी, माझ्या शोकाचा कागद उलटा करा आन् मागं लिवा. सूचक मी. मेलेला सूचक चालतो का न्हाई ते तुमी बगा."

गुरुजींनी नियम आठवून बघितला. विरोधात काही सापडेना, म्हणून लिहिलं.

पान बदललं. व्यंकटरावांनी मालनबाईपुढं हात केला, पण तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला नाही. स्वतःच उघडला, डोळ्यांपासून लांब धरला आणि हिरव्यावर अंगठा ठेवला. तीन हातांवर उभ्या असलेल्या मुंजाजीच्या मुठीत फोन वाजला. तीन दिवसांनी वाजल्यामुळे मुंजाजी दचकला, पण आवाज त्यानं कामाचाच काढला.

"मोक्षरथ मंडळ. मुंजाजी बोलायलोय. कुठं यायचं?"

"कुठं बी नगं येऊ बाबा," मालनबाई फोनमध्येच म्हणाली, समोर बघत. "लागतो का, ते बघायलेय."

"लागलाय, माय."

"हां. लागला." तिनं फोन ठेवला. पडद्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग पदरानं पडदा पुसून तिनं मोबाइल कमरेच्या पिशवीत टाकला.

व्यंकटरावांनी मग खिडकीत जे करत आले तेच केलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "हं, पुढचे."

अंगणात कुणी हललं नाही. विषयच असा होता की पुढचं व्हायला कुणी तयार होईना. शेवटी, एकदा जाऊन आल्यामुळे ज्यांना आता भीती उरली नव्हती ते महारुद्रराव खाटेवरून उठले, आणि आपला मोबाइल पुढं धरून रांगेत येऊन उभे राहिले.